आधी हक्क, मग बी

(झरी, ता. व जि. परभणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत जानेवारी महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावातल्या एखाद्या दुर्लक्षित जागेवर सगळ्यांनी मिळून सेंद्रिय भाजीपाल्याची बाग कशी उभी करावी, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी आयुष्यभर माती शिकवत आलो. तेव्हा मी वाफे, खते आणि अर्क यांवर बोलेन, असे तुम्ही धरून चालला असाल. त्यावर बोलेनच, पण थोडे आणि उशिरा. वाईट मातीमुळे बसलेल्या बागा मी फार कमी पाहिल्या आहेत. माती वाईट असली तरी दोन-तीन पावसाळ्यांत सुधारते. जागा कोणाची, पाणी कोणाचे आणि तोडलेली भाजी कोणाच्या घरी जाणार, हे आधी ठरले नसले की पहिल्या हंगामाचा उत्साह ओसरतो आणि तिथे पुन्हा गाजर गवत उगवते. म्हणून आज मला मुख्यतः हक्काबद्दल बोलायचे आहे.

त्याआधी ही बाग कशासाठी हवी, ते सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात 400 ग्रॅम भाजी असावी असे म्हटले आहे. पाच माणसांच्या घराला याप्रमाणे रोज दोन किलो आणि आठवड्याला चौदा किलो भाजी लागते. आठवडी बाजारातून शेतमजुराच्या घरात येणारी पिशवी डोळ्यांसमोर आणा. त्यात बटाटे, कांदे, थोडी मिरची आणि स्वस्त मिळाली तर मेथीची जुडी असते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण 69 टक्क्यांच्या जवळ होते. परभणी जिल्हा कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी पिकवतो. शेताच्या बांधावरची अंबाडी, वाल, तांदुळजा, घोळ ही भाजी तणनाशकाच्या फवाऱ्याखाली गेली, आणि ज्यांना शेत नाही त्यांचा भाजीचा शेवटचा फुकटचा झरा त्याबरोबर आटला. सामुदायिक बाग हवी ती सगळ्यात आधी या घरांसाठी.

आता जागेकडे येऊ. दुर्लक्षित जागा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गायरान येते. इथे मी तुम्हाला थांबवणार आहे. गायरानाकडे पुढाऱ्याचे लक्ष नसेल, गरिबाचे असते. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि एक गुंठा जमीन नाही, तो तिथेच चारतो. वेड्या बाभळीचे सरपण तिथूनच येते. मराठवाड्यात तर गायरानाला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांनी 1959 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, 1964 च्या डिसेंबरात तो देशभर झाला, आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांची मागणी साधी होती: पडून असलेली सरकारी जमीन कसायला द्या. आपल्याकडच्या कितीतरी दलित कुटुंबांनी गायरानातले दगड वेचून तिथे ज्वारी पेरली. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी सातबाऱ्यावर नाव यावे म्हणून पुढेही लोक वर्षानुवर्षे तहसिलाच्या पायऱ्या झिजवत राहिले. दुसऱ्या बाजूला, जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवण्याची वाटही आहे.

एवढे सगळे ज्या जमिनीवर घडले, तिथे सुशोभीकरणाचा फलक लावून तारेचे कुंपण घालणे म्हणजे गरिबाला त्याच्या शेवटच्या जागेवरून उठवणे होय. चांगल्या हेतूने केले तरी त्याचा परिणाम तोच होतो. म्हणून माझा आग्रह असा की बागेसाठी गायरान सगळ्यात शेवटी बघा. शाळेची मागची बाजू, पाण्याच्या टाकीभोवतीचा मोकळा तुकडा, आरोग्य उपकेंद्राचे आवार, देवस्थानची कोणी न कसणारी जमीन, गावठाणातली ग्रामपंचायतीची मोकळी जागा, यांची आधी यादी करा. यादी करताना गावच्या बायका बरोबर घ्या. कुठल्या जागेवर कोण काय वेचते, कोण कुठे गोवऱ्या थापते, हे त्यांना ठाऊक असते. तलाठ्याच्या नकाशात ते सापडत नाही.

देवस्थानच्या जमिनीचा उल्लेख मी मुद्दाम केला. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्यातले एक इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरत होते. दुष्काळी कामांवर लोक खडी फोडत होते, आणि त्यातून पुढच्या दुष्काळाला तोंड देणारे काही उभे राहत नव्हते. साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची 16 हेक्टर, म्हणजे 40 एकर, उजाड जमीन 1974 मध्ये दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. पत्नी कल्पनाताईंसह ते तिथे राहिले. बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर घेतली, आणि त्या माळावर पिके उभी राहिली. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही आदर्श प्रकल्पाची असू शकते. नायगावचे मोठेपण पुढे आहे. पाणी आल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न साळुंख्यांनी टाळला नाही. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचे नियम त्यातून आले. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला राहणार नाही. जमीन विकली तरी तो हक्क विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. खर्चाचा 20 टक्के भाग लाभधारकांनी उचलायचा.

भूमिहीनाला पाण्याचा वाटा हे वाक्य आज ऐकायला सोपे वाटते, पण ज्या राज्यात विहीर ही शेताच्या मालकाची दौलत मानली जाते तिथे ते लिहून ठेवायला मोठे धैर्य लागले. नायगावचा प्रयोग राज्यभर पसरला नाही, याला उसाचे राजकारण बऱ्याच अंशी कारणीभूत आहे असे मला वाटते. तरी आपल्या बागेपुरता तो नियम जसाच्या तसा उचलता येतो. वाफे माणसे मोजून वाटा. ज्याच्याकडे पाच एकर आहेत त्याला बागेत वाफा कशाला? त्याने शेणखताची ट्रॉली द्यावी, ट्रॅक्टर द्यावा, आणि गावाचा मान घ्यावा.

दुसरे उदाहरण तेलंगणातल्या जहीराबादचे. ते आपल्याला परके नाही. 1956 पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो. तिथल्या पस्तापूर गावातून 1983 मध्ये डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे काम सुरू झाले. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी. काम मात्र उभे केले ते दलित शेतमजूर बायकांच्या संघांनी. त्यांना तिथे संघम म्हणतात. सरकारने गरिबांना वाटलेल्या जमिनी तिथे होत्या, पण उथळ, लाल, दगडगोट्यांच्या. बैल नाहीत, खत नाही, बी नाही, म्हणून त्या तशाच पडून राहिल्या होत्या. कागदावर मालक असलेली बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची आणि रेशनचा तांदूळ खायची. नव्वदीच्या दशकात संघमच्या बायकांनी सुमारे 30 गावांत असे अडीच हजार एकरांहून अधिक रान लागवडीखाली आणले. नांगरट, शेणखत आणि बियाणे यांसाठी उचल मिळायची, आणि ती पैशांत न फेडता ज्वारीत फेडायची, काही वर्षांच्या हप्त्यांनी. ती ज्वारी गावातच साठवायची. मग बायकांनी जमिनीवर गावाचा नकाशा काढला, घर न् घर मांडले, आणि कोणते घर किती गरीब आहे हे सगळ्यांसमोर ठरवले. जितकी गरिबी जास्त, तितकी स्वस्त ज्वारी जास्त. नंतर तिथल्या एकेका एकरात ज्वारी, तूर, जवस, अंबाडी, राळा, हुलगा अशी वीस-वीस पिके दिसू लागली. 2019 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नकाशा. तज्ज्ञ आले, त्यांनी सर्वेक्षण केले, असे तिथे झाले नाही. कोणाची चूल दोन वेळा पेटते आणि कोणाची एकदा, हे शेजारणीने शेजारणीसमोर सांगितले, आणि त्याप्रमाणे धान्य वाटले. झरीच्या बागेचा पहिला कागद असाच निघावा. दारिद्र्यरेषेची सरकारी यादी घेऊन वाफे वाटले तर भांडणे होतील आणि ती मिटणार नाहीत.

आपल्या मराठवाड्यातही बायकांनी वाट काढली आहे. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी लातूर-धाराशिव भागात बायकांबरोबर काम केले, त्यातून स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. दुष्काळाच्या वर्षांत तिथल्या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःकडे मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी आधी घरात खायची पिके घेतली, घरचेच खत वापरून. 2016 मध्ये इक्वेटर पुरस्कार या कामालाही मिळाला. नवऱ्याकडून एक एकर मागायचा तर नवऱ्याकडे एकर असावा लागतो. ज्या घरात तोही नाही, त्या घरची बाई कोणाकडे मागणार? गावाकडे. सामुदायिक बागेचे प्रयोजन नेमके इथे आहे.

हक्क तोंडी नको, लिहून हवा, याचा एक दाखला दूरचा देतो. न्यूयॉर्क शहरात 1973 मध्ये लिझ ख्रिस्टी ही तरुण चित्रकार आणि तिचे सोबती यांनी एका कचऱ्याने भरलेल्या प्लॉटवर बाग केली, आणि पुढच्या वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. शहरभर अशा शेकडो बागा झाल्या. जागांचे भाव वाढले तसे शहर या बागांकडे विकायची मालमत्ता म्हणून पाहू लागले, आणि 1999 मध्ये शंभरहून अधिक बागा लिलावाला काढल्या. शेवटच्या क्षणी काही संस्थांनी पैसे भरून त्या सोडवल्या. झरी परभणी-जिंतूर रस्त्यावर आहे. रस्त्याकाठच्या गावात मोकळ्या जागेची किंमत किती झपाट्याने वाढते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही पाच वर्षे राबून जागा हिरवी कराल, आणि मग तिथे कोणाला तरी व्यापारी गाळे सुचतील. ग्रामसभेचा ठराव, किमान दहा वर्षांचा करार आणि बागेच्या गटाचे नाव नोंदलेले असल्याशिवाय कुदळ मारू नका.

आता मातीबद्दल.

आपली जमीन काळी, भारी, चिकण मातीची. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. सामू 8 च्या वर, पालाश भरपूर, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि लोह-जस्ताची कमतरता. जुलै-ऑगस्टमध्ये सपाट वाफ्यात पाणी तुंबते आणि पालेभाजीची मुळे कुजतात. म्हणून गादीवाफे करा, वीतभर उंच. पाऊस संपला की तेच वाफे आच्छादनाने झाका. सोयाबीनचे कुटार, तुरीचा पाला, उसाचे पाचट, जे मिळेल ते चालेल. उघडी काळी माती एप्रिलमध्ये ठेवणे म्हणजे सगळी ओल भेगांतून उडवून देणे.

पाण्याचा हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. बाग दहा गुंठ्यांची धरू, म्हणजे साधारण 1,000 चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या दहा गुंठ्यांवर वर्षाला नऊ लाख लिटर पाणी आकाशातून येते. अडचण ही की ते चार महिन्यांतच येते. मे महिन्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागते. वाटा आणि कुंपण सोडून 500 चौरस मीटर वाफे असले तर रोज दोन ते अडीच हजार लिटर. ते कुठून आणणार? म्हणून उन्हाळ्यात बाग आखडती घ्या. पाव हिस्सा वाफे ठेवा, तेही शेवग्याच्या आणि गिरिपुष्पाच्या विरळ सावलीत. बाकीच्या जागेवर आच्छादन टाकून माती विसावू द्या. बारमाही हिरव्या बागेचे फोटो मागणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण गावाच्या पिण्याच्या पाण्यावर बाग जगवणे मला मान्य नाही. हातपंपाचे सांडपाणी केळी, पपई, कडीपत्त्याला चालेल, पालेभाजीला नको.

जागा जुना उकिरडा असेल तर शेण आणि पालापाचोळा यांचे सोने होते. पण तिथे बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधांच्या बाटल्या टाकलेल्या असतील तर खाण्याची भाजी तिथे लावू नका. मुंबईत माहीमला मिठी नदीच्या काठी 37 एकरांच्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान झाले. डॉ. सलीम अली यांच्या हस्ते 1983 मध्ये तिथे पहिले झाड लागले आणि 1994 मध्ये ते लोकांसाठी उघडले. उद्यान करणाऱ्यांनी तिथे रान वाढवले. जुन्या कचऱ्यावर काय वाढवावे याचा तो योग्य विवेक होता. आपण परभणीच्या कृषी विद्यापीठात माती तपासून घ्यावी, आणि शंका असेल तिथे झाडे लावावी, भाजी नको.

आता मोजण्याबद्दल. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करून एकमेकांना सांगावे म्हणून त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब चांगले जगू शकते असे ते हिशेबाने मांडत. दर चौरस फुटावर किती पाने ऊन झेलतात, हे ते मोजायला लावत. त्यांच्या सगळ्या आकड्यांशी मी सहमत नाही. मराठवाड्याचा मे महिना त्या हिशेबात पुरेसा धरलेला नाही. पण मोजण्याची ती सवय आपल्या बागेत हवी. दर आठवड्याला कोणत्या वाफ्यातून किती किलो निघाले, हे शाळेची मुले वहीत लिहू शकतात. ती वही पुढच्या वर्षी कोणत्याही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगेल.

बियाणे शक्यतो घरी धरता येईल असे लावा. परभणीचे नाव देशभरच्या भाजीवाल्यांच्या तोंडी आहे ते एका भेंडीमुळे. मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनी या वाणाचा भेंडीच्या एका रानटी जातभाईशी संकर करून, पाने पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारी परभणी क्रांती निवडली. ती सरळ वाण आहे, बी घरचे चालते. त्या विषाणूने पुढे रूप बदलले आणि तिची ताकद आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरीही झरीच्या बागेत तिचा एक वाफा असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक कशी उभी केली, हे तुम्ही ऐकलेच आहे. गावात अजून कोणाच्या उतरंडीत वालाचे, दोडक्याचे जुने बी असेल तर ते आधी शोधा.

लोक मला नेहमी दोन शंका विचारतात. शेळ्या खातील, आणि चोरी होईल. शेळ्यांसाठी आपल्या आजोबांनी ज्वारीच्या कडेने करडई पेरली होती, ती काट्यांसाठीच. कोवळेपणी तिची भाजी होते, वाळली की जनावर तोंड घालत नाही. तिच्या बाहेर सागरगोट्याचे कुंपण लावा. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा आहे, तो वापरात आणा. राहिली चोरी. मला वाटते, रात्री कोणी चार वांगी नेली तर त्याचे दुःख करू नये. नेणाऱ्याच्या घरी भाजी नव्हती. त्याला दिवसाउजेडी वाफा मिळाला नाही, ही बागेच्या यादीतली उणीव आहे, आणि ती यादी दरवर्षी दुरुस्त झाली पाहिजे.

पक्षांचे राजकारण बागेत शिरेल का? शिरेल. म्हणून गटाची प्रमुख सरपंचाच्या किंवा उपसरपंचाच्या घरची नसावी, आणि वाफा धरणाऱ्या बायकांनीच ती दरवर्षी निवडावी, एवढे करारात लिहा.

26 जानेवारीला ग्रामसभा आहे. तिच्यापुढे एक ठराव आणा. त्यात जागेचा गट क्रमांक आणि क्षेत्र, करार किती वर्षांचा, पाण्याचा स्रोत कोणता आणि त्यावर बागेचा हिस्सा किती, पहिला वाफा ज्यांना एक गुंठाही शेत नाही त्यांना, वाफ्याची नोंद बाईच्या नावाने, आणि कुटुंब गाव सोडून गेले तर वाफा गटाकडे परत, एवढे लिहिलेले असू द्या. मसुदा करायला मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे.

आणि एक काम ग्रामसभेची वाट न बघता करता येईल. तुमच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी होत आली आहे. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातील किंवा पेटवल्या जातील. रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते, आणि पेटवलेल्या पऱ्हाटीबरोबर आपल्या मातीला हवा असलेला कर्ब धुरात जातो. ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टीयंत्र भाड्याने मिळते. ज्यांची पऱ्हाटी उभी आहे त्यांनी ती कुट्टी करून शाळेमागे एका जागी आणून टाकावी. एक थर कुट्टी, एक थर ताजे शेण, फुलावर यायच्या आधी उपटलेले गाजर गवत आणि वर मातीचा पातळ लेप. महिन्यातून एकदा उलथायचे, आणि ओल इतकीच ठेवायची की मूठ दाबली तर पाणी गळू नये. दहा गुंठ्यांना दोन ट्रॉल्या खत लागेल. आज ढीग लावला तर मृगाच्या आत ते तयार होते. कोणाच्या रानात पऱ्हाटी उभी आहे, त्यांनी आपली नावे बाहेर टेबलावरच्या वहीत आजच लिहावीत.